चित्रकथीच्या पोथीवरची चिकटपट्टी निघाली, आता कापडी ठिगळांचं काय करू?

सुरंगी
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. या वेळी स्वतःच अडकलेय म्हणून धागा काढतेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कागद-संवर्धनाचं काम करते. जुने नकाशे, हस्तलिखितं, चित्रं दुरुस्त करणं वगैरे. 'दुरुस्त' हा शब्द मात्र आमच्या बाईंसमोर (ज्यांच्या हाताखाली शिकले त्या) काढायची सोय नाही. "दुरुस्त सायकल करतात, कागदाला आधार देतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या डिसेंबरात तळकोकणातल्या एका लहान संग्रहालयाची चित्रकथीची पोथी माझ्याकडे आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातली आख्यानं चित्रं दाखवत, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर गाऊन सांगतात. एक चित्र साधारण फूटभर बाय सव्वा फूट. अशा तीस-पन्नास सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. एक प्रसंग सांगून झाला की पान उलटायचं, मागे पुढचा प्रसंग. सावंतवाडी संस्थानाचा या कलावंतांना आश्रय होता. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

माझ्याकडे आली ती ३८ पानं. अवस्था अशी:

खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर तेलकट काळे डाग, अंगठ्याच्या आकाराचे. दोन कागदांमधली खळ कसरीने आणि भुंग्यांनी खाल्लेली, त्यामुळे पानं आतून पोकळ झालेली. हिरवा रंग जिथे जाड आहे तिथे मागच्या बाजूला करपल्यासारखी तपकिरी सावली, आणि एका पानावर तर झाडाचं झाड गळून पडलेलं. इंद्रजिताच्या पानावर तोंडाच्या जागी भोक. चौदा पानांच्या कडांना कापडाच्या पट्ट्या, कलावंतांनीच कधीतरी खळीने लावलेल्या. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सेलोटेप. एकवीस पानांवर. ती कलावंतांची नाही. संग्रहालयात आल्यावर कुण्या भल्या माणसाने फाटू नये म्हणून लावलेली. मी त्याला शिव्या देत नाही. हाताशी होतं ते वापरलं बिचाऱ्याने.

टेप काढायला साडेतीन महिने गेले. वरचा पारदर्शक पापुद्रा गरम पात्याने अलगद उचलता येतो, बऱ्याच ठिकाणी तो आपणच सुटला होता. खरं दुखणं खालचा चिकटा. तो आधी क्रेप रबराच्या वडीने गोळा करायचा आणि कागदात मुरलेला भाग द्रावकाने, खालून हवा ओढणाऱ्या टेबलावर, थेंबाथेंबाने काढायचा. त्याआधी प्रत्येक रंगावर, प्रत्येक पानावर, टाचणीच्या टोकाएवढ्या जागी चाचणी. हे रंग डिंकात कालवलेले असल्यामुळे पाणी लागलं की संपलं. कागद पाण्यात धुणं, जे छापील नकाशांना आम्ही बिनदिक्कत करतो, ते इथे बादच.

आता प्रश्न. टेप काढली याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण त्या कापडी पट्ट्या? कापड कागदापेक्षा दणकट आहे. हवा ओली-कोरडी झाली की दोघं वेगवेगळे ताणले जातात आणि पट्टीच्या कडेला लागूनच कागद नव्याने तुटतो. चौदापैकी सहा पानं तशी तुटली आहेत. संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणतात, काढून टाका आणि सगळीकडे जपानी टिश्यू (अगदी पातळ जपानी कागद) लावा, एकसारखं दिसेल. बाई म्हणतात, ज्याने पोथी वापरली त्याच्या हातचं ठिगळ हा पोथीचाच भाग. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप नाही.

(अभिरक्षकांची आणखी एक इच्छा आहे: पानं मधून सोडवून दोन्ही बाजूंची चित्रं वेगवेगळ्या फ्रेममध्ये लावायची. त्याला मी नाही म्हटलंय. त्यावर वाद नको.)

फिरस्ता
रविवार, रात्री ११:०५

मस्त लेख. एक बाळबोध शंका. चांगलं स्कॅन करून मूळ पानं सरळ लॅमिनेट केली तर? आधार कार्ड वर्षानुवर्षं टिकतं की.

मोडीवाला
रविवार, रात्री ११:३१

फिरस्ता, असं दफ्तरखान्यात बोलू नका, मारतील.

गंमत बाजूला. लॅमिनेशन ही मूर्खांची कल्पना नव्हती. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या शतकाच्या मध्यावर एक पद्धत निघाली: कागदाच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पापुद्रा, त्यावर टिश्यू, आणि अॅसिटोनचा बोळा फिरवला की पापुद्रा विरघळून कागदाला धरतो. यंत्र नको, वीज नको. बाहेर त्यासाठी मोठे गरम दाबयंत्र लागत असे. गरीब देशाच्या दृष्टीने फार हुशार काम होतं ते. पण पुढे कळलं की अॅसिटेट जुना होताना स्वतःच आम्ल सोडतो, कडक होतो, आणि काढायला गेलात तर पुन्हा अॅसिटोनच्या न्हाण्यातून न्यावं लागतं. शाई टिकली तर टिकली.

त्याच्याही आधी शिफॉन. हो, साडीचंच, रेशमी. जीर्ण कागदाच्या दोन्ही अंगांना खळीने लावायचं; अक्षर आरपार दिसतं. मी असे शिफॉन लावलेले मोडी कागद हाताळले आहेत. पन्नासेक वर्षांनी रेशीम पिठूळ होतं आणि कागद पुन्हा उघडा पडतो. पण निदान ते पाण्याने सुटतं. म्हणून मी शिफॉनवाल्यांना माफ केलं आहे.

सुरंगी, पट्ट्या ठेवा. माझं मत सरळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जे कागद जमवले, त्यांतले कितीतरी रुमालांत बांधलेले, घड्या पडलेले, मागे कुणीतरी हिशेब लिहिलेले होते. आज तो मागचा हिशेबही आम्ही वाचतो.

बाइंडर_भाऊ
सोमवार, सकाळी ७:५०

ताई, आमचा आप्पा बळवंत चौकाजवळ तीन पिढ्यांचा बाइंडिंगचा धंदा. एक विचारतो, राग नसावा. आम्ही मैद्याची खळ करतो, त्यात मोरचूद टाकतो. आजोबांपासून. कसर लागत नाही, झुरळ लागत नाही. तुम्ही जपानहून कागद आणता ते ठीक आहे, पण त्यावर लावायला साधी खळच वापरता ना? मग मोरचूद का नाही टाकत? पुन्हा कीड लागली तर तुमची मेहनत पाण्यात.

रसायनमास्तर
सोमवार, सकाळी ९:१५

निवृत्त शिक्षक आहे, फळा-खडू सुटत नाही. भाऊ, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. किड्याला मारतो हे खरं. पण तांब्याचे कण कागदाच्या तंतूंची हवेतल्या प्राणवायूशी चालणारी अभिक्रिया जोराने घडवतात, आणि तंतू तुटत जातात. शिवाय मोरचूद थोडा आम्लधर्मी. शंभर पानी वहीला चालेल, दोनशे वर्षं टिकवायच्या चित्राला नाही.

सुरंगी यांनी हिरव्या रंगाखाली करपल्याची सावली सांगितली, ती याच जातीची. तो हिरवा बहुधा जंगाल असणार: तांब्याच्या पत्र्यावर आंबट काही घालून जमवलेला हिरवा थर. रंग देखणा, पण कागदाचा वैरी. लघुचित्रांत हिरवी चौकट होती तिथून चित्र फ्रेमसारखं अलगद सुटून आलेलं अनेकांनी पाहिलं असेल. लोह आणि हिरड्या-माजूफळाची काळी शाई कागद खाते तेही साधारण असंच, तिथे तांब्याच्या जागी लोखंड आणि जोडीला आम्ल. निव्वळ काजळाची शाई मात्र गरीब गाय. पाण्याने पुसली जाईल, पण कागदाला चावणार नाही.

टेपविषयी. पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये अमेरिकेत विकायला आली. तिचा जुना चिकटा रबराचा. पहिली काही वर्षं तो शहाण्यासारखा बसतो, मग मऊ होऊन कागदात झिरपतो, आणि शेवटी सुकून तपकिरी, पारदर्शक डाग सोडतो, जो पुढे कुठल्याच द्रावकाला नीट बधत नाही. त्या शेवटच्या अवस्थेआधी पकडली तरच सुटका. तुमची कोणत्या अवस्थेत होती?

सुरंगी
सोमवार, रात्री ९:२०

मास्तर, तिन्ही! वेगवेगळ्या वर्षी लावलेली असावी. सात पानांवर तपकिरी डाग राहिले आहेत आणि राहतील. फार मागे लागलं तर डागाबरोबर कागदही जातो. तिथे मी थांबले.

भाऊ, राग कसला. खळ साधीच, पण मैद्याची नाही. मैद्यात चिकटपणा देणारं प्रथिन असतं, ते पिवळं पडतं आणि कडक होतं. आम्ही फक्त चीक घेतो. हो, कुरडईचाच! गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, निवळ वरचं ओतून टाकायचं. आई कुरडयांना मीठ-हिंग घालायची तेवढं सोडून. मग पाण्यात मंद आचेवर काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा, गार करायचा आणि बारीक चाळणीतून तीन-चारदा काढायचा. ही खळ शंभर वर्षांनीही ओल दिली की सुटते. आमचा सगळा धर्म त्या एका गोष्टीवर उभा आहे: उद्या माझ्यापेक्षा शहाणं कुणी आलं तर त्याला माझं काम काढता आलं पाहिजे. कीड लागू नये हे काम खळीचं नाही, खोलीचं आणि पेटीचं.

इथे खळसुद्धा जवळजवळ कोरडी लावावी लागते. टिश्यूच्या चिंधीला लावायची, टीपकागदावर टिपायची आणि मग चित्राला टेकवायची. टिश्यू तुतीच्या जातीच्या कोझो सालीचा असतो. सर्वांत पातळ तो चौरस मीटरला दोन ग्रॅमहूनही कमी, हातावर ठेवला तर हातावरच्या रेषा दिसतात. कात्रीने कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि तेच कागदाला धरतात.

वाटाणा
सोमवार, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: पणजोबांची हस्तलिखित पोथी आहे, लाल बासनात. आई दर दसऱ्याला उन्हात घालते आणि डांबराच्या गोळ्या टाकते. चालेल का? काही पानं पिवळीधमक आहेत, तीच जास्त चांगली राहिली आहेत असं का?

सुरंगी
सोमवार, रात्री १०:४०

वाटाणा, आईंना सांगा ऊन नको. सावलीत, पंखा बंद करून, पान पान उलटून हवा दिली तरी पुरे. सुक्या मऊ कुंचल्याने मधल्या शिवणीपासून बाहेरच्या बाजूला धूळ झटका. डांबराच्या गोळ्या काढा, तो वास माणसालाही चांगला नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची असेल तर पानांना न टेकवता ठेवा. तिच्यावर मात्र विसंबू नका, वर्षातून दोनदा पोथी उघडून बघणं हा खरा उपाय. बासनासाठी नवं मांजरपाट आणलंत तर आधी दोनदा धुऊन त्यातली खळ काढा. कोऱ्या कापडातली खळ म्हणजे कसरीला पंगत.

आणि ती पिवळी पानं: जुन्या पोथ्यांना कीड लागू नये म्हणून हरताळ चोपडायची रीत होती. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. म्हणून चांगली राहिली. तोंडाला बोट लावून पान उलटू नका, हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांना देऊ नका.

जिवंत कीड दिसली तर कळवा, घरच्या घरी गोठवून मारायची रीत सांगते. त्यात पिशवीचं तोंड घट्ट बंद असणं आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर ती न उघडणं महत्त्वाचं, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

कुडाळचो_झील
मंगळवार, सकाळी ११:१८

माका ह्या कागदातला काय एक कळणा नाय, पण पोथी बघलंय. लहान असताना देवळात रात्री समयेच्या उजेडात चित्रकथी लागा. तेवा रावण माका खराच हलता असा दिसा.

आता शुद्धात लिहितो, नाहीतर पुणेकर अर्थ विचारत बसतील. ते अंगठ्याचे डाग पुसू नका ताई. तेल समईचं, काजळी समईची, अंगठा सांगणाऱ्याचा. ते पुसलंत तर उरतं काय, फक्त चित्र.

दुसरं, जरा अडचणीचं बोलतो. आमच्याकडे फुटकी मूर्ती पूजत नाहीत, आणि फाटून गेलेली पोथी वाहत्या पाण्यात सोडतात. म्हणजे वस्तू जपायची आमची रीत अशी की जुनी सोडायची आणि नवी करायची. चित्र काढणारे हात अजून पिंगुळीत आहेत. मग तोंड गेलेला इंद्रजित काचेत ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडूनच तोंड काढून का घेत नाही? त्यांच्या आज्याचं चित्र, नातवाने पुरं केलं. त्यात चूक काय?

मोडीवाला
मंगळवार, दुपारी १२:०४

+१ डागांबद्दल. तोंडाबद्दल -१. नवा नातू कितीही गुणी असो, त्याने काढलेलं तोंड आजच्या हाताचं असणार. शंभर वर्षांनी बघणारा ते जुनंच समजेल.

कुडाळचो_झील
मंगळवार, दुपारी १२:२०

कित्याक? मूळ चित्रही एका हाताने काढलेलं असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? बापाने रेघ मारायची, पोराने रंग भरायचा, असं काम कितीतरी घरांत चालतं.

सुरंगी
मंगळवार, रात्री ९:५५

झील, तुमचा प्रश्न मला दोन दिवस पुरेल. तोंडाबद्दल आमचा नियम असा: गेलेला कागद भरायचा, गेलेलं चित्र नाही. म्हणजे भोकाच्या जागी तसाच जाड, जवळच्या रंगात आधीच रंगवलेला कागद बसवायचा. दोन हातांवरून डोळ्याला भोक खुपत नाही, जवळ गेलं की कळतं की हे नवं आहे. डोळा-नाक काढायचं नाही. बाईंनी तर एकदा मला फक्त चौकटीची तुटलेली रेघ जोडली म्हणून ती परत पुसायला लावली होती.

पण 'जपायची आमची रीत वेगळी' हे तुमचं म्हणणं मी अभिरक्षकांच्या कानावर घातलं. बघू.

जाता जाता हसायला: सुटत चाललेला रंग जागेवर धरून ठेवायला जगभर एक उत्तम गोंद वापरतात, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला. रामाच्या अंगाला माशाचा गोंद लावायचा का, यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. शेवटी समुद्रशेवाळाचा जपानी चिकट काढा वापरला. मत्स्यावताराच्या पानावर मासा चालला असता, पण या पोथीत तो नाही.

सातेरी
बुधवार, सकाळी ८:३०

अवांतर, पण कोकणातलंच. आमच्या मामांकडे दशावतारी गंजिफांचा डाव आहे, सावंतवाडीचा, दहा रंगांचे बारा-बारा मिळून १२० गोल पत्ते. गेल्या पावसाळ्यात पाच-सहा पत्ते एकमेकांना चिकटले. मामा स्पिरिटचा बोळा घेऊन बसणार होते, मी हा धागा वाचून थांबवलंय.

सुरंगी
बुधवार, सकाळी ८:४१

थांबवलंत, देव तुमचं भलं करो! गंजिफा म्हणजे कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले, वर रंग, आणि त्यावर लाखेचा हात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका पुसण्यात मत्स्य, कूर्म, वराह सगळे बोळ्यावर आले असते. आत्ता काहीच करू नका. तापवू नका, सुरी घालू नका. चिकटलेला गठ्ठा तसाच कोरड्या जागी ठेवा आणि मला व्यक्तिगत निरोप करा. कोरडी हवा मिळाली की कधीकधी पत्ते आपणहून टकटक करत सुटतात.

बाइंडर_भाऊ
शुक्रवार, रात्री ८:१२

ताई, चीक केला. बायको म्हणाली, उन्हाळा संपला आता कसल्या कुरडया? एका फाटक्या पंचांगावर लावून बघितला. मोरचुदाच्या खळीपेक्षा धरायला उशीर लावतो, पण वाळल्यावर कागद ओढत नाही, सपाट राहतो. मानलं. धंद्यात परवडणार नाही ही गोष्ट वेगळी.

पट्ट्यांबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. कापड काढू नका. कडा मारा. आम्ही चामड्याची कड छिलून पातळ करतो ना, तशी पट्टीची कड पातळ करा. जाड वस्तू एकदम संपली की तिथेच मोडतं. हळूहळू संपली तर मोडत नाही.

रसायनमास्तर
शुक्रवार, रात्री ८:३०

शाब्बास भाऊ. हे भौतिकशास्त्र झालं, माझा विषय नव्हे, पण बरोबर आहे.

सुरंगी
शुक्रवार, रात्री ११:४८

भाऊ!! हे मला का सुचलं नाही? टिश्यूची कड आम्ही रोज पातळ करतो आणि कापडाच्या बाबतीत 'ठेवा' नाहीतर 'काढा' एवढंच डोक्यात. उद्या एका पानावर करून बघते. मग थोडी गायब होईन, कारण पाऊस सुरू झालाय. आर्द्रता नव्वदच्या घरात असली की ओल द्यायला काही करावं लागत नाही, पण वाळवायचं कसं? टीपकागद बदलून बदलून दाबाखाली ठेवलेलं पान पंधरा दिवसांनीही गार लागतं. हवा कोरडी करणारं यंत्र आहे, आणि वीज जाते. सत्तरच्या वर आर्द्रता राहिली की बुरशीचा मोसम.

वाटाणा
दोन महिन्यांनी

धागा वर काढतेय. काय झालं पुढे?

सुरंगी
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:३०

मुहूर्त बरा साधलात, कालच शेवटची पानं दाबातून काढली.

चौदा पट्ट्यांपैकी अकरा ठेवल्या. भाऊंच्या सल्ल्याप्रमाणे त्यांच्या कडा नेत्रशल्याच्या पात्याने विरळ केल्या, धागे दोन-तीन मिलिमीटर सुटे करून टिश्यूच्या तंतूंसारखे कागदावर पसरले. जिथे कागद आधीच तुटला होता तिथे उलट बाजूने आधार. तीन पट्ट्या काढल्या, कारण त्या चेहऱ्यावरून जात होत्या आणि खाली रंग सुटत होता. काढलेल्या पट्ट्या पानाचा क्रमांक लिहून वेगळ्या पाकिटांत, पोथीबरोबरच. त्यांतली एक जुन्या लुगड्याचा काठ निघाली. साधा सुती, रंग जवळजवळ उडालेला, पण किनारीची वीण स्पष्ट. आता अभिरक्षकांनाच ती सगळ्यांत आवडलीय. येणाऱ्याजाणाऱ्याला चित्राआधी काठ दाखवतात.

पानं सोडवायचा विषय आपोआप मिटला. पोकळ जागी मी किड्यांच्याच भोकांतून, बारीक सुईने, पातळ खळ सोडून दोन्ही कागद परत जोडले. प्रदर्शनात एका वेळी चारच पानं, ५० लक्सच्या आत उजेड, तीन महिन्यांनी बदलायची. कोणती बाजू वर ठेवायची ते आख्यानाच्या क्रमाने.

झील, तुमच्यासाठी: संग्रहालयाने पिंगुळीच्या एका कलावंताला या पोथीवरून नवी पोथी काढायला सांगितली आहे. तोंडासकट. उद्घाटनाला ती दाखवून आख्यान होणार. हे कलावंत आजोबा (वय विचारलं नाही, सत्तरच्या पुढचे असावेत) जुनी पानं बघायला आले होते. मी हातमोजे पुढे केले, त्यांनी ते बाजूला ठेवले, पान खालच्या कोपऱ्यांत धरलं आणि थेट गायला लागले. अंगठे बरोबर त्या काळ्या डागांवर. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, बाईंनी माझा दंड धरला. तशीही आता कागदाला आम्ही धुतलेले कोरडे हातच लावतो, मोज्यात बोटाला कड कळत नाही आणि कागद फाटतो. पण ते कारण मला त्या वेळी आठवलं नव्हतं, खरं सांगते.

जंगालाचं पान मात्र जिंकता आलं नाही. झाडाचे उरलेले तुकडे जागेवर बसवून मागून टिश्यू लावला, पण करपणं चालूच राहणार. ते वेगळ्या पाकिटात, कोरड्यात, आणि वर्षातून एकदा तपासायचं. प्रदर्शनात कधीच नाही.

आता पेटी राहिली. बाहेरून मागवलेल्या पुठ्ठ्याची पेटी संग्रहालयाच्या बजेटबाहेर आहे.

कुडाळचो_झील
रात्री १०:५२

तारीख सांगा. मी येतलंय.

सातेरी
रात्री ११:०९

मामांचे पत्ते सुटले! सहापैकी चार. उरलेले दोन घेऊन पुण्याला येतोय.

बाइंडर_भाऊ
सकाळी ७:३५

ताई, पेटीचं मी बघतो. पुठ्ठा आम्लमुक्त पाहिजे एवढं कळलं, तो एका ओळखीच्याकडे मुंबईत मिळतो, विचारून ठेवलंय. खळ चिकाची, मोरचूद नाही, शपथ. माप पाठवा. लांबी, रुंदी आणि सगळी पानं मध्ये कागद घालून एकावर एक ठेवल्यावरची उंची. दाबून मोजू नका, सैल मोजा.

सुरंगी
सकाळी ८:०२

साडेसतरा इंच, साडेतेरा इंच, उंची चार. सैल मोजलीय.